कदमकाकूंची रिंग

कदमकाकूंना कुणी तब्येतीची चौकशी केलेली खपत नसे. 'कशा आहात काकू?' म्हटलं की त्या विचारणाऱ्या बाईलाच आधी पायापासून डोक्यापर्यंत निरखायच्या आणि म्हणायच्या, "माझं राहू दे. तूच वाळून गेल्यावानी दिसायलीस. सांजच्याला ये मागं, पदर खोचून."

मागं म्हणजे आमच्या क्वार्टर्सच्या मागे. परभणीत वसमतच्या रस्त्याला, गाव जिथे संपत आलेलं होतं तिथे, आमच्या सरकारी घरांच्या दोन रांगा होत्या. दोन्ही रांगांच्या मधे एक मोकळा पट्टा होता. त्याच्या एका कडेला कालव्याच्या कामातले सिमेंटचे मोठे पाइप येऊन पडले होते, ते वर्षानुवर्षं तिथेच होते. उरलेल्या जागेत गाजरगवत. मी लग्न होऊन साताऱ्याहून तिथे आले ती ऐंशीच्या सुमाराला, ऐन उन्हाळ्यात. नवरा ओव्हरसियर, दिवसभर साइटवर. दाराला ओलं पोतं लावून मी अंधाऱ्या खोलीत पडून राहायची आणि आईला पत्रं लिहायची. त्या पोत्याच्या आडून पहिल्यांदा ऐकू आला तो काकूंचा आवाज. "ए सातारकरीण, जिती हायेस का आत?"

माणसांना त्या आडनावानं कधी हाक मारत नसत. जो जिथला, त्या गावानं. मी सातारकरीण, हेडक्लार्कची बायको पाथरीवाली, ट्रेसरसाहेबांची बायको मानवतवाली. सुरुवातीला मला वाटलं, त्यांना नावं लक्षात राहत नसतील. पण त्यांना सगळ्यांची नावं, पोरांची बारशी, कुणाच्या माहेरी किती म्हशी, सगळं पाठ होतं.

काकू जिंतूरकडच्या एका खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. रंगानं काळ्यासावळ्या, हाडापेरानं रुंद. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि सकाळी दारात बसून मिश्री लावायची सवय. त्यांचे यजमान आमच्याच ऑफिसात कारकून. कदमकाका इतके अबोल, की ते घरात आहेत की नाहीत हे खुंटीवरच्या टोपीवरून ओळखायचं.

चाळिशी ओलांडली आणि काकूंना साखर निघाली. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गूळ बंद केला, आणि रोज भरभर चालायला सांगितलं. काकू निघाल्या चालायला. पण आमच्याकडे तेव्हा नऊवारी नेसलेली बाई सकाळच्या पारी रिकाम्या हातानं, झपझप, एकटी चालताना दिसली की लोकांच्या काळजात धस्स व्हायचं. ओळखीचा माणूस सायकलवरून उतरायचा. "काकू, कोन गेलं?" दुसरा स्कूटर थांबवायचा. "बसा मागं, सोडतो. कवा झालं?"

"आता रोज रोज कोन मरायलंय म्हनून सांगू?" काकू मला सांगत होत्या. "आन निस्तं चालायचं बी कसं बाई? पान्याला जाऊन रिकामी घागर घेऊन आल्यावानी वाटतं." आठवडाभरात त्यांनी चालणं सोडलं.

रिंग आली ती न्हाणीघराच्या पत्र्यावरून. क्वार्टर्समधल्या दोन मुली रबराची रिंग फेकाफेकी करत होत्या, ती काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडली. काकूंनी ती जप्त केली. मुली रडवेल्या होऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा काकू म्हणाल्या, "कशी फेकतेत ती दाखीव आधी." मुलीनं फेकली. काकूंनी एका हातात झेलली. परत फेकली. पुन्हा झेलली. मी माझ्या दारातून बघत होते. त्यांच्या तोंडावर जे आलं होतं त्याला हसू म्हणता येणार नाही. जुन्या ओळखीचं कुणीतरी गर्दीत दिसावं आणि खात्री पटत नसावी, तसं काहीतरी होतं.

"ल्हानपनी लंगडीत मला कोनी धरत नव्हतं," त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या. "लगीन झालं आन धावनं बंद झालं. मग धावले ती चुलीवरचं दूध उतू जायलंय म्हनून, न्हाईतर गाडी सुटायलीय म्हनून. आपल्या मनानं धावल्याला जमाना झाला."

दुसऱ्या दिवसापासून त्या दारोदार फिरू लागल्या. पाथरीवालीला गुडघेदुखी होती, ती म्हणाली, मला नाही झेपायचं. काकू म्हणाल्या, "गुडघ्याला घेऊन ये." कुणाला सासूची भीती, कुणाला स्वयंपाक. मी गेले ती निव्वळ कंटाळ्यानं. पहिल्या संध्याकाळी आम्ही गाजरगवत उपटलं. खालची जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. काकूंनी साइटवर जाणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला भाऊ म्हणून एक खेप मुरूम टाकायला लावला आणि तो आम्ही बायकांनी घमेल्यांनी पसरला. बाजूला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं, शेळ्या येऊ नयेत म्हणून. लिंबाच्या झाडाला आणि एका वाशाला दोरी बांधली. झालं मैदान.

नियम काकूंचे. रिंग दोन्ही हातांनी धरायची नाही. हरली म्हणून रुसायचं नाही. आणि मैदानात दुखण्याचा विषय काढायचा नाही. "दुखनं चपलीसंगं भाईर ठेवा," त्या म्हणायच्या. "जाताना ज्याचं त्याचं घालून जावा." चार बायका जमल्या की कंबर, पित्त, बाळंतपण यांशिवाय बोलायला काय असतं? पहिले काही दिवस आम्ही मुक्यानंच खेळलो. मग हळूहळू दुसरे विषय सुचायला लागले.

काकू खेळायच्या अनवाणी. कासोटा घट्ट करायच्या, बांगड्या मागे सारायच्या आणि दोरीच्या मधोमध उभ्या राहायच्या. त्यांची रिंग भिरभिरत यायची आणि दोरीला लागते न लागते अशी पलीकडे पडायची. अंगानं एवढ्या जड, पण पाय असे हलायचे की मुरूम उडायचा. पाथरीवालीला आधी चार वेळा झेललं की खाली बसावं लागायचं. दिवाळीपर्यंत ती काकूंशी भांडायला लागली, दम न लागता. "रिंग भाईर होती! मी डोळ्यानं बगितलंय!" माझ्यापुरतं सांगायचं तर मला रात्री झोप लागू लागली आणि आईला जाणारी पत्रं कमी झाली.

काही महिन्यांनी काकू तपासणीला गेल्या. साखर उतरली होती. डॉक्टर खूश झाले. "रोज किती चालता आजी?" काकूंना 'आजी' लागलं. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि, "चालत न्हाई, असं करते," म्हणून हात मागे नेला. डॉक्टर खुर्चीत खाली सरकले. हे काकूंबरोबर गेलेल्या पाथरीवालीनं सांगितलं. काकूंचं म्हणणं, "फेकनार थोडीच होते मी!"

पण गावात बोललं जायचंच. ऑफिसात कुणीतरी कदमकाकांना विचारलं, "मिसेस मुंबईला कवा जायलेत खेळायला?" सगळे हसले. काका घरी आले आणि जेवताना म्हणाले, "बास करावं म्हनतो ते आता. लोक हसायलेत." भिंतीला भिंत लागून घरं, आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"बरं," काकू म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आन उद्या साखरेनं माझे डोळे गेले, तर भाकर कोन थापायचं? ते हसनारे येतेत का?"

काकांनी ताट सारल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मागच्या खिडकीत पेपर घेऊन बसले. पेपर उघडा होता, पण पान उलटत नव्हतं.

मानवतवाली आमच्यात आली ती उशिरा. तिचं नाव वत्सला. दवाखान्यात नर्स होती, ड्यूटी करून थकून यायची. तिचे यजमान ट्रेसर, ऑफिसात नकाशे उतरवायचे; जयंतीला घरावर निळा झेंडा लावायचे. ती खेळायला आली तसं दोघीतिघींनी यायचं बंद केलं. कुणी काही बोललं नाही. एकीच्या घरी पाहुणे आले, दुसरीचा पाय मुरगळला. काकूंनी त्यांना बोलवायला जायचं सोडून दिलं. पाण्याचा माठ त्या घरून आणून लिंबाखाली ठेवायच्या, त्यावर एकच पेला असायचा. वत्सला पहिल्या दिवशी ओंजळ करून उभी राहिली. काकूंनी पेला भरून तिच्या हातात दिला, ती प्यायल्यावर त्यातच स्वतः भरून घेतलं आणि म्हणाल्या, "चल, सर्व्हिस तुजी." पाथरीवाली त्या दिवशी तहानलेलीच घरी गेली. पुढे काही दिवसांनी तीही पेल्यानं पिऊ लागली. कधीपासून, ते मला आठवत नाही.

त्या काळात विद्यापीठाच्या नामांतराचा विषय मधूनच पेटायचा. मग मोर्चे, बंद, एसटी उभ्या. बाजारपेठेत माणसं हळू आवाजात बोलायची. अशाच एका वेळी वत्सला यायची बंद झाली. दार लावून घ्यायची, ड्यूटीला जाताना यजमान सोबत. काकू संध्याकाळी तिच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे होते.

"मानवतवाली, ये की गं. चौघी लागतेत, तिघीच हाव."

दार थोडं उघडलं. वत्सला शांतपणे म्हणाली, "काकू, चौथी कमी पडते म्हणून मला बोलवायलात का?"

काकूंनी खोचलेला पदर सोडला.

"अठ्ठ्याहत्तरला माझ्या मामाच्या गावाला माणसं पोरंबाळं घेऊन रानात लपली होती," वत्सला पुढे म्हणाली. "तेव्हा कुणी दाराशी आलं नव्हतं. तुमचा राग नाही मला. पण आज माझं मन नाही खेळायला."

काकू परत आल्या. त्या दिवशी खेळ झालाच नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या, रिंग घरी ठेवून. वत्सलाच्या चुलीपाशी पाटावर बसल्या, बिनसाखरेचा चहा मागून घेतला आणि प्यायल्या. मामाच्या गावाला कोण कोण आहे ते विचारलं. कुणाचं घर गेलं, कुणाची गुरं गेली. वत्सला सांगत होती, काकू ऐकत होत्या. खेळाचा शब्द काढला नाही. असं चार-पाच दिवस चाललं. मी एकदा विचारलं, काय बोलता रोज एवढं? त्या म्हणाल्या, "मी कुठं बोलायले? ती बोलायलीय." आठवड्यानं वत्सला आपणहून आली. पदर खोचला आणि म्हणाली, "काकू, दोरी ढिली झालीय. कुणी बघायलं का नाही?"

काकूंचा पाय त्यानंतरच्या हिवाळ्यात बिघडला. कुंपणाच्या बाभळीचा काटा डाव्या पायात गेला होता. साखरेच्या माणसाच्या पायाची जाणीव कमी होते. काटा मोडून आत राहिला, त्यांना पत्ताच नाही. त्या खेळत राहिल्या. मुरमावर ओला डाग उमटलेला वत्सलानं पाहिला. तिनं खेळ थांबवला, काकूंना पाइपवर बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"किती दिवस झाले?"

"कशाला? मामुली हाय. दुखत बी न्हाई."

"दुखत नाही हेच वाईट आहे!" वत्सला ओरडली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं का नाही, अनवाणी फिरू नका म्हणून? मी सांगितलं होतं का नाही? इथं उड्या मारल्या म्हणजे तुम्हाला सगळं माफ आहे का?"

काकू लहान मुलीसारख्या खाली मान घालून बसल्या होत्या. रिक्षा बोलावून वत्सलानं त्यांना त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. जखम खोल गेली होती. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर घोट्यापर्यंत कापावं लागलं असतं.

घरी आल्यावर काकू बदलल्या. वत्सला रोज ड्यूटीवरून येऊन पट्टी बदलायची, त्या छताकडे बघत पडायच्या. मागच्या दाराला कडी. आम्ही मागे जमलो तर त्यांना ऐकू जाईल म्हणून आम्हीही जमेनाशा झालो. गाजरगवत पुन्हा डोकं काढू लागलं. बोलणारे बोलत होते: बघा, उड्या मारायला गेल्या, पाय घालवून बसल्या. काका एक दिवस दारात उभे राहून मला म्हणाले, "बोलत न्हाई हो काही. माझ्यावर ओरडत सुद्धा न्हाई." ते माझ्याशी आपणहून बोलले ते तेव्हा पहिल्यांदाच.

मी आत गेले. काकू म्हणाल्या, "सातारकरीण, मला वाटायचं, पळायलेय तवर ती साखर काय मला गाठत न्हाई. मी पळत होते आन ती पायातच बसली होती." मग भिंतीकडे वळल्या. साखर पुन्हा चढली होती. भाकरीतही मन नव्हतं, चिडचिडही नव्हती. वत्सला मला बाहेर म्हणाली, "जखम भरायलीय. बाईच भरायली नाही."

एका रविवारी काका पिशवी घेऊन बाजारात गेले आणि दुपारी परत आले. पिशवीत पुरुषी कॅनव्हासचे बूट होते, पांढरे. बायकांचे त्या मापात मिळाले नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी डाव्या बुटात पुढे कापूस भरला, हात घालून चाचपला, थोडा काढला, परत भरला. वत्सलाला बोलावून दाखवला. तिनं कापसावर मऊ सुती कापड शिवून लावायला सांगितलं, म्हणजे टोचणार नाही. काकांनी ते स्वतःच शिवलं. सुई दोन वेळा बोटात गेली. मग आत जाऊन त्यांनी ते बूट काकूंच्या खाटेखाली ठेवले, टोपी घातली आणि बाहेर निघून गेले.

काकूंनी ते लगेच घातले नाहीत. पट्टी सुटल्यावर, वत्सलानं आणि डॉक्टरांनीही हो म्हटल्यावर, एका संध्याकाळी मागच्या दाराची कडी वाजली. नऊवारी लुगडं आणि खाली पांढरे बूट. पाथरीवालीला हसू आवरेना. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्याही हसल्या. पाठोपाठ काका बाहेर आले, हातात कोयता. बाभळीचं सगळं कुंपण त्यांनी तोडून, ओढत नेऊन, पार लांब पेटवून दिलं.

काकूंचा तोल जायचा. उडी राहिली नाही, जागेवरून खेळायच्या. रोज खेळून झाल्यावर पाइपवर बसून बूट काढायच्या आणि दोन्ही तळवे वत्सलाला दाखवायच्या. वत्सला बोटांच्या बेचक्यांतून बघायची, मग जायची. हा नवा नियम. तो आम्हा सगळ्यांना लागू केला काकूंनी. ज्यांना काही झालेलं नव्हतं त्यांनाही. साखर पुन्हा उतरली. पहिल्याइतकी नाही, पण उतरली.

त्यानंतर आम्ही बरीच वर्षं एकत्र खेळलो. मग काका रिटायर झाले आणि दोघं जिंतूरकडे गावी गेली. वत्सलाची बदली झाली. नव्या लोकांनी त्या पट्ट्यात स्कूटर लावायला सुरुवात केली.

मला काकू शेवटच्या भेटल्या त्या परभणीच्या बसस्टँडवर. विद्यापीठाचं नाव बदललं त्या वर्षीचा उन्हाळा होता. त्या डोळे दाखवायला एकट्याच आल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. जाड भिंगाचा चष्मा, पायात बूटच, दुसरे कुठले तरी. आम्ही सावलीत बसलो. सुई रोज घ्यावी लागते म्हणाल्या, मूत्रपिंडाचंही काही सांगायलेत. सगळ्यांची चौकशी केली. वत्सलाचं पत्र येतं, तिनं आपल्या दवाखान्यातल्या बायकांना रिंग शिकवलीय, हे सांगताना भिंगामागचे डोळे मोठे झाले.

"तुम्ही खेळता का गावी?" मी विचारलं.

"मळ्यापस्तोर जाते, येते. कोन गेलं म्हनून इचारनारं तितं कोनी न्हाई." मग पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "सातारकरीण, ती साखर काय गेली न्हाई बग. सवतच ती, जन्माची. पन इतकी वर्सं तिला बी दमवलं मी. सुखानं नांदू दिलं न्हाई."

जिंतूरची गाडी लागली आणि माणसं दारावर तुटून पडली. मी काही म्हणायच्या आत काकूंनी पदर खोचला, पिशवी काखेत मारली आणि त्या गर्दीत शिरल्या. एक खांदा पुढे, मग दुसरा. क्षणभर दिसेनाशा झाल्या. मग खिडकीत त्यांचं तोंड आलं. जागा मिळवली होती.

"जा आता घरी. उनाचं हुबी राहू नको," त्या ओरडल्या.

गाडी सुरू झाली. तेवढ्यात कडेवर मूल घेतलेली एक बाई त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. काकू उठल्या, तिला बसवलं. गाडी स्टँडच्या फाटकातून वळली तेव्हा खिडकीत त्यांचं तोंड नव्हतं. वरचा दांडा घट्ट धरलेला, हिरव्या बांगड्यांचा हात तेवढा दिसला.